कॅचर असाल तर: अठराव्या वर्षी करार की आधी कॉलेज?

अमेरिकेत हायस्कूल संपता संपता चांगल्या बेसबॉलपटूसमोर दोन कागद येतात. एक कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा आणि जुलैच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) नाव लागलं तर दुसरा व्यावसायिक संघाच्या कराराचा. चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविशी गाठेपर्यंत पुन्हा ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. तिथल्या मराठी घरांतली मुलंही आता लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) खेळतात, म्हणून हा प्रश्न आपल्याकडेही कुणाला ना कुणाला पडणारच. पिचर (चेंडू टाकणारा) किंवा आउटफिल्डरचं (मैदानाच्या दूरच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाचं) गणित वेगळं असतं, ते इथे सोडून देतो. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरपुरतं माझं मत असं: सहीसाठी मिळणारा बोनस अगदीच डोळे दिपवणारा नसेल, तर कॉलेज.

ॲडली रचमनचं उदाहरण घ्या. 2016 मध्ये हायस्कूलमधून सिअ‍ॅटलने त्याला ड्राफ्ट केलं ते चाळिसाव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. तो ओरेगन स्टेट विद्यापीठात गेला. 2018 मध्ये संघाने कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. 2019 मध्ये बाल्टिमोरने पहिल्या क्रमांकावर निवडून त्याला 81 लाख डॉलर दिले. मे 2022 मध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर होता, आणि मधलं 2020 सालचं मायनर लीगचं (त्याखालच्या स्तरांचं) मोसम तर कोविडमुळे झालंच नव्हतं. बस्टर पोझी त्याहून झटपट वर गेला: 2008 मध्ये फ्लोरिडा स्टेटमधून पाचवा क्रमांक, पुढच्या वर्षी मायनर लीगचा डबल-ए स्तर ओलांडून थेट ट्रिपल-ए, म्हणजे सर्वांत वरचा स्तर, आणि सप्टेंबर 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा मेजर लीग संघ. गंमत म्हणजे कॉलेजात आला तेव्हा पोझी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, कॅचर झाला तो दुसऱ्या वर्षी. अठराव्या वर्षी सही केली असती तर कॅचर म्हणून त्याचा भाव कुणी कसा ठरवला असता?

दुसऱ्या पारड्यात जो मावर. 2001 मध्ये हायस्कूलमधून थेट पहिला क्रमांक, एप्रिल 2004 मध्ये पदार्पण, तेही एकविशीच्या आत. पुढे फलंदाजीची तीन विजेतेपदं आणि 2024 मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत स्थान. पण मावर दाखवून हा रस्ता सोपा आहे म्हणणं बरोबर नाही. 2015 मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलेल्या टायलर स्टीफन्सनला हायस्कूल ते सिनसिनाटीचा मेजर लीग संघ या प्रवासात पाच वर्षं लागली, आणि तो यशस्वी झालेल्यांपैकी एक. हायस्कूलचा कॅचर पहिल्या फेरीत घ्यायला संघ बिचकतात, ते उगीच नाही.

कारण ही कला उशिरा पिकते. आपल्या यष्टिरक्षकासारखा नुसता मागे उभा राहणारा माणूस डोळ्यासमोर आणू नका. पुढचा चेंडू कोणता आणि कुठे, हे कॅचर सुचवतो, आणि बिथरलेल्या पिचरला सावरायला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) तोच जातो. मायनर लीगमध्ये त्या पिचरांतले कितीतरी डॉमिनिकन किंवा व्हेनेझुएलन असतात, त्यामुळे कामापुरतं स्पॅनिश यावंच लागतं. माइक पियाझा 1988 मध्ये बासष्टाव्या फेरीत निवडला गेला, कॅचरचं काम शिकायला डॉजर्स संघाच्या डॉमिनिकन अकादमीत जाऊन राहिला, आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

इथे कॉलेजची एक खोट आहे, आणि ती माहितीपत्रकात सापडणार नाही. बऱ्याच कॉलेजांत चेंडू कोणता टाकायचा हे डगआउटमधला (मैदानालगतच्या संघाच्या बाकावरचा) कोच ठरवतो. कॅचर कानातला आवाज ऐकतो किंवा मनगटावरच्या तक्त्यात आकडा शोधतो. म्हणजे तीन वर्षं खेळूनही डोकं चालवायची सवय लागत नाही. जोई बार्ट जॉर्जिया टेकमध्ये स्वतः चेंडू ठरवायचा, आणि 2018 च्या ड्राफ्टच्या वेळी त्याचं कौतुक त्यासाठीही झालं. तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा मैदान किती हिरवं आहे ते नंतर बघा, आधी विचारा: चेंडू कोणता टाकायचा ते कोण ठरवतं?

सामन्यांच्या संख्येतही मोठी तफावत आहे. कॉलेजात नियमित मोसमात जास्तीत जास्त 56 सामने. मायनर लीगच्या खालच्या लो-ए स्तरावर 132, ट्रिपल-ए मध्ये 150, आणि सुटी बहुधा फक्त सोमवारी. अठराव्या वर्षीच्या गुडघ्यांना हे झेपेल का, ते मुलाच्या बापाने नाही, डॉक्टरने सांगावं.

पैशाचं म्हणाल तर मायनर लीग खेळाडूंच्या 2023 च्या करारानंतर परिस्थिती सुधारली आहे, तरी 2023 मध्ये किमान पगार लो-ए मध्ये वर्षाला 26,200 डॉलर आणि ट्रिपल-ए मध्ये 35,800 होता. राहायची सोय संघ करतो. मेजर लीगचा किमान पगार 2025 मध्ये 7,60,000 डॉलर होता. या दरीवरचा पूल म्हणजे बोनस, आणि त्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: ज्याच्यावर संघाने मोठी रक्कम लावली, त्याला चुका करायला वेळ मिळतो. लहान रकमेवर सही केलेला कॅचरही काही काळ टिकू शकतो, कारण पिचरांचे चेंडू झेलायला प्रत्येक स्तरावर माणसं लागतातच. पण त्याला वर नेण्याचीही कुणाला घाई नसते. नोकरी टिकली तरी बढती अडते.

मधला रस्ता दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजचा, जिथून दरवर्षी ड्राफ्टमध्ये उतरता येतं. ब्राइस हार्पर तिथूनच, कॅचर म्हणून खेळत, 2010 मध्ये पहिला निवडला गेला. वॉशिंग्टनने मात्र त्याला लगेच आउटफिल्डमध्ये हलवलं.

हायस्कूलमधून थेट सही करण्याकडेच मन ओढत असेल, तर करारात पुढच्या शिक्षणाचा खर्च संघाकडून लिहून घ्या, आणि खेळ सोडल्यावर किती वर्षांत कॉलेज सुरू करावं लागेल ते कलम नीट वाचा. ड्राफ्टच्या आधी संघांचे फोन येतात आणि ते एकच विचारतात: किती रकमेला सही कराल? तो आकडा घरात आधी ठरलेला असू द्या. त्याखालची रक्कम आली तर सरळ नाही म्हणा आणि ऑगस्टमध्ये कॉलेजच्या वसतिगृहात सामान लावा.