चौदा हजारांचा निळा दिवा

माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये गेली. खोटी नोट बोटांना कळते. कानांचं तसं नाही, हे १४,००० रुपये घालवून समजलं.

इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये दोन स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर. मला ख्याल लागतो, मुलाला नाशिक ढोल. ढोल लावला की खिडक्या थरथरायच्या. ख्याल लावला की डग्ग्याचा नुसता घुमारा, तानपुरा गायब. कुणाच्या तरी ओळखीतून एक साउंडवाला घरी आला.

"काका, प्रत्येक संगीताला वेगळं बॅलन्सिंग लागतं. ही प्रोसेसरची डबी गाणं ओळखून आपोआप करते."

डबीचे १४,००० रुपये, पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी. मी कच्च्या चिठ्ठीवर राजी झालो. लोभ माझाच.

त्याची खरी कला ऐकवण्यात होती. आधी डबीशिवाय वाजवलं, मग डबी लावून. दुसऱ्यांदा तानपुरा असा काही झळकला की ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. रिमोट मात्र सगळा वेळ त्याच्या हातात होता, आणि बोलता बोलता त्यानं आवाज किंचित चढवला होता. एक-दोन डेसिबलची वाढ कानाला 'मोठी' वाटत नाही, 'चांगली' वाटते. शिवाय हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे सूर कानाला कमीच पोचतात, त्यामुळे नुसता आवाज वाढवला तरी गाणं भरतं. कुणी असं ऐकवायला आलं तर रिमोट आपल्याकडे घ्या. डबी लावली की काढली हे आपल्याला न सांगता वाजवायला लावा, आणि ओळखून बघा.

महिन्याभरानं भाचा आला. त्यानं डबी काढली, फरक शून्य. मग स्क्रू खोलले. आत निळा एलईडी, त्याच्यापुरती वीज, आणि आवाजाची वायर या टोकाकडून त्या टोकाला सरळ जोडलेली.

भाच्यानं सबवूफर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर ओढला. कोपऱ्यात खर्ज फुगतो, आणि आमच्या १५ फुटी खोलीत ३७-३८ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये ठाण मांडून बसतो म्हणे. मागचं क्रॉसओव्हरचं बटण, म्हणजे कुठपर्यंतचे खालचे सूर सबवूफरनं वाजवायचे ते ठरवणारं, ८० हर्ट्झवर आणलं, सबवूफरचा आवाज उतरवला. डग्गा डग्ग्यासारखा वाजू लागला. ढोलाच्या वेळी मुलगा सबवूफरचा आवाज थोडा चढवतो, झालं बॅलन्सिंग.

साउंडवाल्याचा फोन बंद आहे. डबी टीव्हीखालीच ठेवली आहे. रात्री पाणी प्यायला उठलं की तिचा उजेड पुरतो.