किंग्स्टनचा ईस्टर बन: साडेतीन तारे

जमैकाच्या या राजधानीतल्या हाफ वे ट्री भागातल्या एका बेकरीतून, गुड फ्रायडेच्या आधीच्या बुधवारी, चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून आणला. शुक्रवारी दुकानं बंद, त्यामुळे अख्खं किंग्स्टन आधीच बन घेऊन ठेवतं.

आकार विटेसारखा, रंग काकवीचा, वरून चकचकीत. इंग्रजांच्या हॉट क्रॉस बनचा हा जमैकन नातू. वरचा क्रूस गेला, काकवी आली, कुणी कुणी स्टाऊट बिअरही ओततात. जायफळाचा वास पिशवीबाहेर येत होता, तिथे पूर्ण गुण. पोतही छान, दाट आणि ओलसर.

तक्रार मनुक्यांची. वरचा थर बघून वाटतं, काय सढळ हात आहे! कापल्यावर आत सगळा कोरडा कारभार. मधल्या एका कापात मोजून तीन मनुके. सणासुदीचे पैसे घेऊन ही चलाखी बरी नव्हे.

बन नुसता खाऊ नका. पहिल्या वर्षी मी चहात बुडवून खाल्ला, तर घरमालकीणबाईंना माझी कीवच आली. डब्यातलं ‘टेस्टी’ नावाचं नारिंगी चीज बोटभर जाड कापायचं आणि बनच्या दोन कापांत दाबायचं. गोड आणि खारट एकदम. आंबा-मीठ खाणाऱ्याला हे समजवावं लागत नाही.

यंदा शुक्रवारी बाई चर्चमधून आल्यावर त्यांच्याकडेच जेवलो. त्या दिवशी मटण-चिकन वर्ज्य. तळलेल्या माशावर व्हिनेगर, कांदा, गाजर आणि स्कॉच बॉनेट मिरची, म्हणजे एस्कोविच. सोबत बॅमी, म्हणजे कसावा कंदाची जाडसर भाकरी. मिरचीने डोळ्यांत पाणी आणलं, मग बन-चीज औषधासारखं लागलं. खिडकीत पाण्याच्या ग्लासात अंड्याचा पांढरा बलक सोडला होता. उन्हाने त्यात जहाज दिसलं तर प्रवास, शवपेटी दिसली तर मरण, अशी जुनी समजूत. त्या दिवशी मोगली एरंड कापला तर रक्त येतं म्हणे! आपल्या कुंपणावरचं हे झाड मूळचं इकडचंच, पण ही ख्याती मला नवी.

बाईंनी माझ्या बनचा काप उजेडात धरला, आतून न्याहाळला आणि काही न बोलता स्वतःचा बन पुढे केला. त्यात मनुके तळापर्यंत होते. बेकरीचं नाव विचारून घेतलंय.

माझा उरलेला बन शनिवारी तव्यावर लोणी सोडून भाजला. अर्धा तारा त्याचा.