हॅवलॉक की नील? अंदमानात मुक्काम कुठे टाकायचा

अंदमानची विमानाची तिकिटं झाली की घरात पुढचा वाद ठरलेला असतो: मधल्या रात्री हॅवलॉकला काढायच्या की नीलला? डिसेंबर २०१८मध्ये या बेटांना स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही नावं मिळाली, पण फेरीबोटीच्या चौकशीत आणि रिक्षावाल्याच्या तोंडी अजून जुनी नावंही चालतात, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. सहलींचा नेहमीचा साचा असा असतो, की हॅवलॉकला दोन रात्री आणि नीलला भर दुपारी काही तास. हा साचा बऱ्याच कुटुंबांना सोयीचा नाही असं माझं ठाम मत आहे. नीलवर बघण्यासारखं जे आहे ते पहाटे, संध्याकाळी आणि ओहोटीला दिसतं. दुपारच्या फेरीत त्यातलं काय हाती लागेल ते नशिबावर असतं.

आधी हॅवलॉक. इथलं राधानगर ज्याने पाहिलं नाही त्याला त्याबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच. जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर, बेटाच्या पश्चिम अंगाला, उंच झाडांच्या राईतून बाहेर पडलं की एकदम उघडणारी लांबच लांब पांढरी पुळण. २००४मध्ये ‘टाइम’ने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून त्याचं कौतुक केलं आणि २०२०मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. पायाखाली दगड नाही, फक्त वाळू. त्यामुळे भरती असो वा ओहोटी, इथे पाण्यात उतरता येतं, आणि दोन बेटांची तुलना करताना हा मुद्दा फार मोलाचा आहे. जीवरक्षकांनी आखलेल्या हद्दीतच पोहा. शेजारच्या खाडीकडे मगरींच्या सूचनांचे फलक आहेत, ते गंभीरपणे घ्या. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

वेळेचा हिशोब इथे चुकतो. अंदमान मुंबईच्या जवळजवळ २० रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. चहा पिऊन निवांत पाचला निघालेली मंडळी अंधारात राधानगरला पोहोचतात. तीन वाजेपर्यंत तिथे पोहोचा.

हॅवलॉकचं दुसरं आकर्षण एलिफंट बीच. तिथे रस्ता जात नाही. जेट्टीवरून बोटीने जायचं, नाहीतर जंगलातून चालत. पाऊस झाला असेल तर ती वाट चिखलाची होते, गुडघे दुखणाऱ्यांनी बोटच धरावी. प्रवाळ आणि रंगीत मासे किनाऱ्यापासून जवळच असल्यामुळे पहिल्यांदा स्नॉर्केलिंग करणाऱ्याला ही जागा सोपी जाते. गर्दी मात्र भरपूर. शक्य असेल तर सकाळची पहिली बोट घ्या.

आणि स्कूबा. घरात कुणाला समुद्राच्या तळाशी जाऊन यायचं असेल तर प्रश्न इथेच मिटतो, हॅवलॉक निवडा. डायव्हिंगच्या शाळा, अनुभवी प्रशिक्षक, खोल पाण्यातल्या जागा, हे सगळं नीलच्या मानाने इथे कितीतरी जास्त. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हात धरून खाली नेतो. वय किमान १० लागतं, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. फॉर्मवर खोटी टिक करू नका. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, म्हणून स्कूबा सहलीच्या शेवटी ठेवू नये.

हॅवलॉकमध्ये हॉटेल निवडताना एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. बहुतेक हॉटेलं पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला आहेत. तिथे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडक उघडे पडतात. ‘समुद्राला लागून खोली’ म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि निम्मा दिवस समोर खडक बघायचे, असं होतं. पहाटेचा सूर्योदय या बाजूला सुंदर दिसतो, कालापत्थरच्या काळ्या दगडांपाशी तर फारच. पण पोहण्यासाठी राधानगरलाच जावं लागणार हे धरून चाला.

आता नील. बेट इतकं छोटं की सायकलवर सहज फिरून होतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेली गावं, भातशेती, केळी-सुपारीच्या बागा. इथली भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. किनाऱ्यांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. भरतपूर जेट्टीच्या शेजारीच असल्याने आजी-आजोबांना तिथपर्यंत चालवतं. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघता येतात, पाण्यात उतरायचीही गरज नाही. आमच्या ओळखीतल्या ज्येष्ठांपैकी ज्यांना अंदमान मनापासून आवडलं, ते बहुतेक सगळे नीलला राहिलेले. तिथे धावपळ नाही, अंतरं नाहीत, आणि संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या वाळूवर बसायला भरपूर मोकळी जागा.

नीलचं सगळ्यात देखणं ठिकाण म्हणजे लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल. स्थानिक लोक त्याला हावडा ब्रिजही म्हणतात. तिथे जायचं तर ओसरलेल्या पाण्यातून, खडकांवरून चालावं लागतं. मधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव), छोटे मासे, खेकडे, जिवंत प्रवाळ दिसतात. सोबत गावातला वाटाड्या घेतला तर तो एकेक दाखवत नेतो. तासभर कसा जातो कळत नाही, आणि मुलांना मत्स्यालयात कधी मिळणार नाही असा हा अनुभव आहे. पण भरती असेल तर यातलं काहीच दिसत नाही. पकड असलेली चप्पल हवी, आणि ज्यांचा तोल जातो त्यांनी काठावर थांबलेलं बरं.

म्हणून माझा आग्रह असा, की हॉटेल बघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सर्वात जास्त मागे हटतं; दगडी पुलासाठी हे दिवस उत्तम. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, चढउतार कमी, आणि भरतपूरला दिवसभरात जास्त वेळ पाण्यात राहता येतं. कोकणातल्या घरी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब मात्र इथे लावू नका. पोर्ट ब्लेअरच्या वेळा वेगळ्या, त्या तिथल्याच कोष्टकात बघायच्या. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एक दिवस मागे-पुढे केला तरी बरंच साधतं. हॅवलॉकला रात्री कयाकमधून, सूक्ष्मजीवांमुळे अंधारात चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्येची रात्र धरा, चांदण्यात ते दिसत नाही.

तीन रात्री हाताशी असतील तर कॉलेजातली मुलं किंवा नवं जोडपं असलेल्यांनी दोन हॅवलॉकला, एक नीलला काढावी. सोबत साठीपुढची माणसं किंवा अगदी लहान मूल असेल तर उलट करा: दोन नीलला, एक हॅवलॉकला, ती केवळ राधानगरसाठी. दोनच रात्री असतील तर एकाच बेटावर राहा. सामान उचलून जेट्टीवर रांगा लावण्यात अर्धा दिवस जातो.

सोयींमध्ये हॅवलॉक पुढे आहे. चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल २०२०मध्ये तिथवर पोहोचली, खाण्याचे पर्याय जास्त, दुकानं जास्त. नीलला जाताना रोख पैसे आणि नेहमीची औषधं सोबत ठेवा. मोठा दवाखाना दोन्हीकडे नाही, त्यासाठी पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं. मासळी-भात दोन्हीकडे बंगाली वळणाचा आणि चांगला. शाकाहारी मंडळींचीही अडचण होत नाही.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४पासूनचं श्री विजयपुरम, निव्वळ उतरण्या-चढण्याचं ठिकाण समजू नका. सेल्युलर जेलच्या मूळच्या सातांपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. १९११मध्ये विनायक सावरकरांना इथे आणलं, थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. ती कोठडी, तो कोलू बघायला मराठी माणूस मुद्दाम येतो, आणि मग टूरवाला विमानातून उतरल्या उतरल्या, झोपेने पेंगणाऱ्या मुलांसह तिथे नेऊन उभं करतो. असं करू नका. दिवसाउजेडी इमारत नीट बघावी आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, यासाठी अख्खी दुपार राखून ठेवा.

ही दुपार परतीच्या आदल्या दिवशी ठेवली की आणखी एक काम होतं. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, पावसाळ्यात तर वारंवार. बेटावरून येऊन त्याच दिवशी विमान पकडायचा बेत म्हणूनच धोक्याचा. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. बॅग भरताना मुलांच्या खिशातले शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे काढून किनाऱ्यावरच ठेवा. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर तपासणीत सापडलं तर अडचण मुलाची नाही, तुमची होते.