अवजारांचा घरगुती रॅक, अठरा महिने वापरल्यावर: घोळ दीड इंची स्क्रूचा, आणि मांडणीचाही

पॅलेटची, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी सांगाड्याची, एक आडवी फळी, तिच्यात खिळे आणि खिळ्यांवर फावडे-कुदळ, असा माझा रॅक होता. सप्टेंबरच्या पावसात तो भिंतीवरून सुटून खाली आला. फळी शाबूत होती, खिळे सरळ होते, अवजारांना ओरखडाही नव्हता. भिंतीवर मात्र चार भोके आणि प्रत्येक भोकाभोवती बशीएवढा गिलावा उखडलेला. गिट्ट्या, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात ते प्लग, स्क्रूला घट्ट धरून तशाच बाहेर आल्या होत्या, म्हणजे स्क्रूची आणि गिट्टीची पकड सुटलीच नव्हती. सुटला तो गिलावा.

कारण हिशेबात आहे आणि तो हिशेब आधी करायला हवा होता. पॅलेटची फळी पाऊण इंच, म्हणजे सहा सूत जाड. बाहेरच्या भिंतीचा गिलावा साधारण २० मिमी, म्हणजे तोही पाऊण इंच. स्क्रू दीड इंची. त्यातला पाऊण इंच फळीतच गेला, उरलेला पाऊण इंच गिलाव्यात. विटेपर्यंत तो पोचलाच नाही. दहा महिने चार जड अवजारे गिलाव्याच्या पापुद्र्यावर लटकत होती. सोलापुरात वर्षातला मोठा पाऊस सप्टेंबरात होतो, तेव्हा भिंत ओलावली आणि तो पापुद्रा सुटला.

हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘गिट्टी-स्क्रू द्या’ म्हटले की हातावर हाच दीड इंची जोड ठेवतात. घड्याळाला, फोटोला तो ठीक आहे. फावडे-टिकावाला नाही. दीड इंची जोड ३ रुपयांना, ३ इंची ७ रुपयांना. चार स्क्रूमागे १६ रुपये वाचले आणि गिलावा पुन्हा भरायला गवंड्याचे २०० रुपये गेले. हे गणित अजून खटकते.

भिंतीला स्क्रू कसा लावायचा ते आता नीट लिहितो. फळी पाऊण इंच, गिलावा पाऊण इंच आणि विटेत किमान दीड इंच, असा ३ इंची स्क्रू घ्या. ड्रिलला ८ मिमीचे काँक्रीटचे बिट आणि त्याच मापाची ५० मिमी लांब गिट्टी. भोक पाडताना बाहेर येणाऱ्या भुग्याचा रंग बघत राहा. आधी राखाडी येतो, तो गिलावा. मग तांबडा यायला लागला की बिट विटेत शिरले. राखाडीच येत राहिला तर विटांमधला सांधा लागला आहे, इंचभर वर किंवा खाली सरका. भोकातला भुगा सायकलच्या पंपाने उडवून टाका, नाहीतर गिट्टी तळाला न पोचता भुग्यावरच अडते. गिट्टी गिलाव्याच्या पातळीवर सोडू नका, आत विटेपर्यंत सरकवा. शेवटचे चार-पाच आटे हाताच्या स्क्रू-ड्रायव्हरने द्या. मशीनने दिले की स्क्रू जागच्या जागी फिरतो आणि भोक मोठे होते. जुन्या वाड्याची काळ्या दगडाची भिंत असेल तर हा खटाटोप करूच नका, तिथे जमिनीवर उभा राहणारा रॅक करा.

ऑक्टोबरात तीच फळी ३ इंची स्क्रूवर पुन्हा चढवली तेव्हा माझे मत एवढेच होते, की स्क्रू लांब घ्या, बाकी मांडणीत काही दोष नाही. डिसेंबरात ते मत बदलले. फळीची वरची कड भिंतीपासून सूतभर सुटलेली दिसली. स्क्रू विटेत होते, तरीही. आपल्याकडची वीट मऊ असते, आणि त्या विटेवर ओढ किती पडते ते मोजले तेव्हा खरा दोष कळला.

फावडे, कुदळ, टिकाव आणि दाताळे मिळून दांड्यांसकट १० किलोच्या आसपास वजन होते. हे वजन भिंतीपासून साधारण ३ इंच पुढे लटकते. फळी साडेतीन इंच रुंद आणि स्क्रू तिच्या मधोमध, म्हणजे फळीच्या खालच्या कडेपासून पावणेदोन इंचांवर. फळी त्या खालच्या कडेवर पहारीसारखी उलटते. १० गुणिले ३ भागिले पावणेदोन, म्हणजे स्क्रूंवर बाहेरच्या दिशेला १७ किलोची ओढ, नुसती अवजारे शांत लटकलेली असताना. फावडे हिसका देऊन काढले की याच्याही वर. शिवाय खिळे मागून ठोकलेले, त्यांची डोकी फळी आणि भिंतीच्या मध्ये, त्यामुळे फळी भिंतीला चिकटून बसलेलीच नव्हती.

उपाय सोपा आहे. आडवी फळी थेट भिंतीला लावायची नाही. आधी दोन उभ्या पट्ट्या भिंतीला लावायच्या, सव्वातीन फुटांच्या, आणि आडव्या फळ्या त्या पट्ट्यांवर. आता उलटायचे झाले तर सगळा रॅक उभ्या पट्टीच्या तळावर उलटेल आणि वरचा स्क्रू तिथून ३७ इंच दूर. वजन पट्टीच्या जाडीने पुढे सरकून पावणेचार इंचांवर आले, तरी १० गुणिले पावणेचार भागिले ३७ केले की एक किलोच्या आसपास ओढ उरते. सतराची एक. त्याच लाकडात, त्याच स्क्रूत.

ही बांधणी डिसेंबरअखेरची. आता मे संपत आला, एकही स्क्रू पुन्हा आवळावा लागलेला नाही.

मापे अशी. उभ्या पट्ट्या दोन, एकमेकींपासून अडीच फुटांवर, तळ जमिनीपासून पावणेदोन फूट वर. प्रत्येकीला तीन स्क्रू: वरून दोन इंचांवर, मध्ये आणि खालून दोन इंचांवर. त्यांच्यावर आडव्या फळ्या तीन, चार-चार फुटांच्या. एक जमिनीपासून २ फुटांवर, दुसरी ४ फुटांवर, तिसरी पावणेपाचवर. मधली जड अवजारांची, वरची खुरपी-विळ्यांची. खालच्या फळीवर काहीच टांगायचे नाही, तिला फक्त दांडे टेकतात. ती नसली तर एक फावडे काढताना शेजारची कुदळ झोका खाते आणि भिंतीवर आपटते. प्रत्येक जोडाला सव्वा इंची दोन स्क्रू. उरलेले दीड इंची इथे खपवायचा मोह होतो, पण दोन फळ्या मिळून दीडच इंच होतात, स्क्रूचे टोक मागे निघून भिंतीला टेकते.

खिळे ४ इंची, आधी ४ मिमीचे भोक पाडून मागच्या बाजूने घातलेले. भोक न पाडता ठोकले तर पाइनची फळी उभी चिरते. मागून घातल्यामुळे खिळ्याचे डोके फळीला अडते आणि खिळा पुढे ओढला जात नाही. उभ्या पट्ट्यांमुळे मागे पाऊण इंच पोकळी मिळाली आहे, तिथे डोकी निवांत बसतात. भोक पाडताना ड्रिल किंचित तिरके धरा, खिळ्याचे टोक पाच-सहा अंश वर राहिले पाहिजे. बाहेर सव्वातीन इंच खिळा उरतो. त्यावर ठिबकची जुनी १६ मिमी लॅटरल (काळी नळी) तीन इंच कापून चढवा. तिच्यात काजळी मिसळलेली असते म्हणून ती उन्हाने फुटत नाही. पहिल्या दिवशी चढवलेले तुकडे अजून तसेच आहेत.

याउलट करड्या पीव्हीसी पाइपचे तुकडे. छोट्या अवजारांसाठी दोन इंची पाइप तिरका कापून त्याची खोबणी केली होती, दिसायला फार सुबक. भिंत पश्चिमेची. पहिल्याच मे महिन्यात दुपारच्या उन्हाने पाइप नरम पडून कोयत्याच्या वजनाने खाली वाकला, आणि पावसाळ्यानंतर त्याला तडे गेले. पंख्याखाली काम करणाऱ्याच्या शेडमध्ये तो टिकेल, सोलापुरात उघड्या भिंतीवर नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. रॅकची बहुतेक चित्रे सरळ पात्याच्या परदेशी कुदळींसाठी काढलेली असतात, ज्यांचे पाते दांड्याच्याच रेषेत असते. आपले फावडे, आपली कुदळ, आपला टिकाव दांड्याला काटकोनात. ती दोन खिळ्यांमधून दांडा खाली सोडून डोक्यावर टांगायची असतात. दांडा दीड इंची असतो, म्हणून दोन खिळ्यांत २ इंच जागा ठेवा. टिकावाला दोन्हीकडे टोक, तो आपोआप तोलून बसतो. फावड्याचे पाते कुठल्या दिशेला ठेवायचे हा खरा प्रश्न. बाहेर काढले तर चालत्या माणसाच्या बरगडीला आणि मुलांच्या डोळ्याला लागेल. भिंतीकडे वळवले तर दांडा फूटभर पुढे येतो आणि वरचे सगळे गणित पुन्हा बिघडते. पाते भिंतीला समांतर, सगळ्यांची एकाच बाजूला. त्यासाठी प्रत्येक अवजाराला एक फूट जागा लागते, म्हणून चार फुटांत चारच अवजारे. पाचवे घुसवू नका.

पहार या रॅकवर टांगायची नाही. २५ मिमीची दीड मीटर पहार पावणेसहा किलोच्या वर भरते. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो, लोखंडाच्या दुकानात याच हिशेबाने सळईचे वजन काढतात. ती कोपऱ्यात शहाबादी फरशीच्या तुकड्यावर उभी करून तारेच्या कडीत अडकवा.

लाकूड १२०० बाय १००० मिमीच्या एका पॅलेटमध्ये सगळे निघते. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीकडून येणारा माल भंगारवाल्यांकडे असतो. पॅलेटवरचा शिक्का बघून घ्या: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते स्वस्तात दिले तरी घेऊ नका. खिळे उपसायच्या फंदात पडू नका, पॅलेटच्या खिळ्याला पीळ असतो आणि फळीची टोके फुटतात. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉचे पाते घालून खिळे कापा.

पाइनला वाळवी फार लवकर लागते, म्हणूनच तळ जमिनीपासून एवढा वर. तरीही काळ्या मातीतून भिंतीवर मातीची बारीक नळी चढते, ती पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघून खरवडायची. गॅरेजमधले जळके ऑइल फासायचा सल्ला सगळे देतात. फुकट असते हे खरे, पण ते वाळत नाही, त्यावर धूळ बसते आणि दांडे काळे होतात. उकळलेले जवसाचे तेल दोन हात लावा, दोन हातांमध्ये दोन दिवस. जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा त्यासाठी उत्तम, तेल भरपूर शोषतो. पण काम झाल्यावर तो बोळा करून फेकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. उन्हाळ्यात तर नक्कीच नाही. मोकळा पसरून वाळवा.

पश्चिमेच्या भिंतीचा दुसरा त्रास दांड्यांना. बाभळीचा दांडा चाळीसच्या वरच्या उन्हात आकसतो आणि नेढ्यात सैल होतो. टिकावाचा दांडा डोक्याशी जाड असतो, तो अडकून राहतो. फावड्याचा मात्र पाचरीवर असतो, आणि डोक्यावर टांगलेले असल्यामुळे पाचर सैल झाली की दांडा एकटाच खाली घसरतो. रात्रभर पाण्यात बुडवून फुगवायची सवय सोडा. लाकूड नेढ्यात दाबून फुगते आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक होते. नवी पाचर ठोका. जागा निवडायची मुभा असेल तर सज्जाखालची उत्तरेची भिंत घ्या.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, या रॅकवर सगळ्यांत शेवटच्या खिळ्याला, इतरांपासून लांब. परसात डाळिंब असेल तर तेल्या रोगासाठी छाटणीत तो एक टक्का सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात, आणि ते द्रावण पोलादाला खाते. तसाच टांगला तर दोन दिवसांत पात्यावर तांबूस डाग. साध्या पाण्याने धुवा, पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा, मग टांगा. फावडे-कुदळीची काळी माती ओली असतानाच लाकडी चिपेने काढा. वाळली की ती पाते सोडत नाही आणि ओल आतल्या बाजूला धरून ठेवते. विळ्याच्या धारेवर उभी चिरलेली लॅटरल चढवा.

खर्च: पॅलेट १८०, पाव किलो खिळे २५, ३ इंची गिट्टी-स्क्रू आठ नग ५६, सव्वा इंची स्क्रू सोळा नग ३२, बिट ७०, तेल अर्धा लिटर १३०. एकूण ४९३ रुपये. यात दीड इंची स्क्रूचे १२ आणि गवंड्याचे २०० धरलेले नाहीत. आठांतले दोन ३ इंची स्क्रू उरले आहेत, ते मी वरच्या फळीमागे खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवले आहेत. सप्टेंबरात वरचा स्क्रू सैल लागला तर त्याच्या शेजारी, तांबडा भुगा येईल तिथे, एक जादा बसेल.