ब्रिस्बेनमधलं एनरासचं भाड्याचं घर, आमचा पाच वर्षांचा अनुभव

आम्ही २०१६ ला ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या उत्तरेला दोन बेडरूमचं एनरासचं युनिट, म्हणजे फ्लॅट, भाड्याने घेतलं. एनरास म्हणजे नॅशनल रेंटल अफोर्डेबिलिटी स्कीम, २००८ ची, मालकाने बाजारापेक्षा निदान २० टक्के कमी भाडं घ्यायचं आणि त्या बदल्यात सरकार त्याला दहा वर्षं दरवर्षी पैसे नाहीतर टॅक्समध्ये सूट देणार. बरेच जण सरकारी क्वार्टर समजतात, तसं नव्हतं, मालक खाजगी नाहीतर सेवाभावी संस्था असायची.

घर खरंच छान होतं. बिल्डिंग नवी, ओट्यासमोरच्या खिडकीतून शेजारच्यांचा आंबा दिसायचा, डिसेंबरात पाडाला आला की ते पिशवी भरून आणून द्यायचे. आणि भाडं! वरच्या मजल्यावर अगदी तसंच युनिट आठवड्याला ४१० डॉलरला आणि आम्हाला ३२५. हे जे ८५ वाचायचे ना त्यातूनच लेकीचं स्विमिंग झालं आणि आईचं तिकीट निघालं, त्यामुळे स्कीम फुकट गेली असं कोणी म्हटलं तर मला राग येतो.

त्रास घर सांभाळणाऱ्या एजन्सीचा. कमाई ठरलेल्या लिमिटमध्ये हवी, म्हणून दरवर्षी घरातल्या सगळ्यांच्या कमाईचे कागद द्यावे लागायचे, एका वर्षी मी वेळेत दिलेले यांनी हरवले आणि वर आम्हालाच नोटीस, मी नाईट शिफ्ट करून सकाळी पुन्हा सगळ्या पेस्लिप घेऊन काउंटरवर उभी. कमाई थोडी वाढली म्हणून लगेच बाहेर काढायचे नाहीत पण, लिमिटच्या २५ टक्के वर सलग दोन वर्षं गेलात तरच हक्क जायचा, म्हणून ओव्हरटाइमला घाबरायचं कारण नव्हतं.

खरा घोळ दहा वर्षांचा. ती मुदत घराची असायची, आपली नाही! आमच्या युनिटची २०२१ ला संपली, पत्र आलं, भाडं एकदम ४४०. दुसरं एनरास शोधावं तर सरकारने २०१४ लाच नवीन घरं घेणं बंद केलेलं. मालकाला पैसे मिळेपर्यंतच भाडं स्वस्त, मग त्या घरात राहणाऱ्याने काय करायचं याचा विचारच केला नाही कोणी, हे मला अजून टोचतं.

आता बिल्ड टू रेंटवाल्या, म्हणजे विकायला नाही तर भाड्याने द्यायलाच बिल्डिंग बांधणाऱ्या कंपन्यांना टॅक्स सवलत आहे, त्यात निदान १० टक्के घरं स्वस्तात १५ वर्षं ठेवायची अट आहे. बघायला गेलात तर किचन नंतर बघा, आधी विचारा की यातली किती वर्षं उरलीत, आणि ते लिहून घ्या.