शाळेतले जिम्नॅस्टिक्स : जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचा अनुभव आणि गाद्यांचा प्रश्न

हा अनुभव मी खरे तर ऑगस्टमध्येच लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर तो निव्वळ तक्रार ठरला असता. फेब्रुवारी उजाडेपर्यंत राग बराच निवळला आहे. गाद्यांबद्दलचे मत मात्र जिथल्या तिथे आहे.

शाळेतल्या जिम्नॅस्टिक्स वर्गाची योजना बेळगावच्या बहुतेक पालकांना ठाऊक आहे : सभागृह शाळेचे, प्रशिक्षक क्लबचे आणि शुल्क आपले. शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस वर्ग भरतो. महिन्याला सहाशे रुपये आणि वर्षाच्या सुरुवातीला एकदाच साहित्य शुल्क म्हणून एक हजार रुपये घेतात. चौथीतल्या माझ्या मुलीचे नाव मी जूनमध्ये घातले ते पत्नीच्या आग्रहामुळे. मला स्वतःला हा खर्च अनाठायी वाटत होता.

आमच्या शाळेचे सभागृह जुने आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौले आणि खाली शहाबादी फरशी. जुलैमध्ये आपल्याकडे पावसाची झड लागली की अशा इमारतीत काय होते ते निराळे सांगायला नको. कौलांतून ठिबकणारे पाणी कोपऱ्यात रचून ठेवलेल्या गाद्यांवर पडत राहिले आणि एका संध्याकाळी मुले उड्या मारू लागली तेव्हा शिवणींतून पाणी बाहेर आले. कुबट वास तर त्याच्या आधीपासूनच येत होता. सोफे बनवणाऱ्या आमच्या एका नातेवाइकांनी रेक्झिनचा उसवलेला कोपरा उलगडून पाहिला, तर आत साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम निघाला. या फोमची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी पितो, लवकर वाळत नाही आणि वर्षभर दाबला गेला की बसतो. बंद छिद्रांचा पॉलिएथिलीन फोम महाग पडतो, पण त्यात ओल मुरत नाही. स्पर्धेचा फ्लोअर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचा मंच, १२ मीटर लांब व तितकाच रुंद असतो आणि त्याच्या खाली स्प्रिंगा असतात, तशी चैन शाळेत कोणी मागत नाही. परंतु बसलेल्या गादीवर उडी घेतली की टाच थेट फरशीला लागते. शिवाय दोन गाद्या जोडणारा वेल्क्रो झिजलेला असल्यामुळे मध्ये फट पडते, आणि त्या फटीत पाय गेला की घोटा मुरगळतो. माझ्या मुलीचा मुरगळला. आठवडाभर ती लंगडत शाळेत गेली.

यावर विचारणा केली तेव्हा क्लबच्या कार्यालयाने सांगितले की, छप्पर शाळेचे आहे, त्यामुळे भिजण्याची जबाबदारी शाळेची. शाळेने सांगितले की, गाद्या क्लबच्या आहेत, शाळेने केवळ जागा दिली आहे. पालकसभेत आम्ही करारपत्र पाहायला मागितले. त्यात वेळा, शुल्क, प्रशिक्षकांची संख्या आणि सभागृहाच्या किल्लीचा तपशील होता. साहित्य कोणी सांभाळायचे, याविषयी एक ओळही नव्हती. मग साहित्य शुल्काचे माझे हजार रुपये नेमके कशासाठी घेतले, हा प्रश्न मी त्या सभेत विचारला आणि त्यानंतर प्रत्येक सभेत विचारत आलो आहे. काही पालक मला आता टाळतात, त्याला इलाज नाही.

प्रशिक्षकांविषयी माझे मत मात्र याच काळात बदलले. पहिले अडीच महिने त्यांनी मुलांना व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन हात टेकून ज्यावरून उडी घेतात त्या साधनाच्या, जवळही जाऊ दिले नव्हते, तेव्हा ही वेळकाढूपणाची युक्ती असावी असा माझा समज होता. गाद्या वाळत पडल्या असताना कोरड्या सतरंजीवर त्यांनी काय शिकवले ते मी खिडकीतून पाहिले : भिंतीला पाय टेकवून हॅण्डस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे), कमान, आणि सर्वांत जास्त वेळ पडण्याचा सराव. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि मागे पडताना ताठ हात टेकायचे नाहीत, कारण मनगट किंवा कोपर मोडते ते तिथेच. उकिडवे बसून मागे लोळण्यापासून सुरुवात करून त्यांनी उंची हळूहळू वाढवली. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या सुट्टीत मुलगी घराच्या ओल्या पायरीवरून घसरली, आणि हात न टेकता गोल होऊन उठली. महिन्याचे सहाशे रुपये मी त्या दिवसापासून निमूटपणे देतो.

जानेवारीतला प्रसंगही नोंदवला पाहिजे. शाळेला २६ जानेवारीच्या कार्यक्रमात पाहुण्यांसमोर तीन थरांचा मनोरा हवा होता. उघड्या मैदानावर, गाद्यांशिवाय, लहान मुलांना तिसऱ्या थरावर चढवणार नाही, असे प्रशिक्षकांनी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितले आणि त्याऐवजी कोलांटउड्या, कार्टव्हील आणि जमिनीवर आखलेल्या दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवरून चालण्याचे प्रात्यक्षिक बसवले. बॅलन्स बीमची, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायच्या अरुंद आडव्या तुळईची, खरी रुंदीही तितकीच असते, फक्त ती सव्वा मीटर उंचीवर असते. कार्यक्रम थोडा फिका झाला, अशी कुजबुज झाली. झाली तर झाली.

येळ्ळूर, कंग्राळी या बाजूंनी येणाऱ्या मुलांची एक अडचण अजून सुटलेली नाही. वर्ग लांबला की त्यांची बस चुकते. मुलींना जून २०२३ पासून कर्नाटक राज्याच्या बसमध्ये तिकीट पडत नाही, त्यामुळे त्या निदान पुढच्या बसने जातात; मुलग्यांचे पालक वर्ग अर्धवट सोडायला सांगतात. वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेण्याची विनंती आम्ही केली आहे.

पुन्हा गाद्यांकडे येतो, कारण हा खेळच उतरण्यावर ठरतो. व्हॉल्टवरून उतरताना लहानसे पाऊल हलले तरी दहावा भाग गुण जातो आणि पडल्यास पूर्ण एक गुण जातो. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत भारताची दीपा कर्माकर १५.०६६ गुणांसह चौथी आली, कांस्यपदक तिच्यापासून ०.१५० गुणांवर होते. आमच्या मुली ऑलिंपिकला निघालेल्या नाहीत, हे मला कळते. पण ज्या मुलीला दोन पायांवर स्थिर उतरायला शिकवायचे, तिच्या पायाखालची गादी एका बाजूला बसलेली आणि दुसऱ्या बाजूला फुगलेली असेल, तर ती शरीराला चुकीची सवय लावते, आणि ही सवय नंतर मोडणे शिकवण्याहून अवघड जाते.

सध्या गाद्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवल्या जातात आणि वरून ताडपत्री टाकली जाते. फळ्या दोन पालकांनी दिल्या, ताडपत्री मी दिली. वेल्क्रो नवा शिवून घेतला आहे. फोम तोच आहे. कार्यालयाने दोन नव्या गाद्या मेपर्यंत येतील असे तोंडी सांगितले आहे, लेखी मागितल्यावर उत्तर आलेले नाही.

पुढच्या वर्षी मुलीचे नाव पुन्हा घालणार आहे. मासिक शुल्क वेळेवर भरेन. साहित्य शुल्क मात्र नव्या गाद्या सभागृहात पोहोचल्यावर, त्यांच्या शिवणी उसवून आतला फोम पाहिल्यानंतरच भरणार आहे, आणि हे मी क्लबला लेखी कळवले आहे.