हेडचं पॅकिंग नवं टाकलंय म्हणाला, निघालं जुनंच

जुन्या गाडीचं इंजिन बांधून देतो म्हणून एका मेकॅनिकने मला फसवलं. बिलात चार गोष्टी लिहिल्या होत्या: नवा गॅस्केट (पॅकिंग) सेट, हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) फेसिंग म्हणजे मशीनवर सपाट करणं, हेडचे नवे बोल्ट आणि टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) कसणी. यातलं एकही काम झालेलं नव्हतं. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि जे इंजिन उघडायच्या बेतात आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय. या कामातली लबाडी वरून दिसत नाही. हेड आणि ब्लॉक (खालचा, सिलिंडर असलेला भाग) यांच्यामध्ये जेमतेम दीड मिलिमीटरचं पॅकिंग असतं, आणि एकदा बोल्ट आवळले की ते पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही.

इंजिन चार सिलिंडरचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही बीडाचे, पुशरॉडवाली जुनी बनावट. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा इंजिनाला झकास रंग दिलेला होता आणि प्रत्येक सांध्यातून लाल सिलिकॉनची जाड रेघ बाहेर आली होती. "बघा कसं सील केलंय, थेंब गळणार नाही," असं तो म्हणाला. सुरुवातीला गळलंही नाही. मग रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला लागलं, पण खाली ओल कुठेच नाही. चढावर तापमानाचा काटा वर जायचा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, आणि तेल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळसर साय निघाली. विचारलं तर उत्तर एकच: "नवं बांधलेलं इंजिन आहे, बसायला वेळ लागतो." ही थाप ध्यानात ठेवा. पिस्टनच्या रिंगा बसायला वेळ लागतो हे खरं आहे, पण रिंगा बसताना पाणी संपत नाही.

शेवटी दुसऱ्या, या जुन्या इंजिनांवर हयात घालवलेल्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायला लावली. पाण्यात बुडबुडे येत होते, म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत होता. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं तर मधले दोन शेजारचे सिलिंडर पडलेले. दोघांच्या मधलं पॅकिंग जळालंय, असं त्यांनी हेड उघडण्याआधीच सांगितलं. मग माझ्यासमोर सगळं खोललं.

रेडिएटरच्या तळाशी तपकिरी गाळ साचला होता. गळती बुजवायची पावडर. ती टाकली की फट काही दिवस बुजते, आणि तिच्यासोबत रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात. मी ती टाकलेली नव्हती. म्हणजे गाडी माझ्या हवाली करतानाच पाणी कुठे जातंय हे त्या माणसाला ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. हातून काम बिघडू शकतं. पण बिघडलेलं झाकून वर पैसे घेणं ही चोरी आहे.

हेडचे काही बोल्ट हलक्या हिसक्यात सुटले, काहींना पान्याला पाइप लावावा लागला. एकाच हेडवर असा फरक असेल तर कसणी बहुधा अंदाजाने झालेली असते. नवे म्हणून लावलेल्या बोल्टच्या डोक्यावर कसलीच खूण नव्हती. मेट्रिक बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा असतो, इंची बोल्टवर ग्रेड ५ साठी तीन रेघा आणि ग्रेड ८ साठी सहा. कोऱ्या डोक्याचा साधा बोल्ट हेडवर लावला तर तो ताणला जातो आणि पकड सोडतो. एका भोकाच्या तळाशी तर तेल आणि काजळीचा राडा तसाच होता. ते भोक आरपार नसतं. तळाशी द्रव राहिला की बोल्ट त्यावरच अडतो, पाना जड लागतो, पण हेड दाबलं जात नाही. जास्त जोर लावला तर ब्लॉकलाच चीर जाऊ शकते.

पॅकिंग जुनंच होतं. वर चंदेरी रंग मारलेला, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापलेलं. पॅकिंग एकदाच दाबून घेण्यासाठी असतं, दुसऱ्यांदा ते तशी पकड देत नाही. सिलिंडरमधल्या जाळापुढे आणि दाबापुढे सिलिकॉन टिकत नाही. आणि जेवढं ते बाहेर दिसतं, तेवढंच आतही गेलेलं असतं. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवल्यावर तेलाच्या पंपाच्या जाळीत त्याचे लाल तुकडे अडकलेले मिळाले. आणखी थोडे जमा झाले असते तर तेल वर चढलं नसतं आणि बेअरिंगं गेली असती. म्हणून सांध्यातून बाहेर आलेली जाड रेघ पाहून खूश होऊ नका. तिथेच प्रश्न विचारा.

फेसिंगही झालं नव्हतं. ताज्या फेसिंगवर मशीनच्या एकसारख्या बारीक रेघा दिसतात. इथे पाण्याच्या भोकांभोवतीचे गंजाचे खड्डे जसेच्या तसे. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) सरकवलं तर मधोमध ०.१५ मिलिमीटरची पाती सहज गेली. एवढ्या लहान हेडला ०.०५ ची पाती गेली तरी विचार करावा लागतो, नेमकी मर्यादा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघावी.

टॉर्कच्या (आवळण्याच्या जोराच्या) बाबतीत पहिला मेकॅनिक बिनधास्त खोटं बोलला. "पन्नासवर कसलंय," म्हणाला. पन्नास काय? पाऊंड-फूट की न्यूटन-मीटर? एक पाऊंड-फूट म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक. ज्याने खरंच टॉर्क रेंच वापरलाय तो एकक सांगितल्याशिवाय आकडा सांगत नाही. शिवाय पान्यावरचा बहुतेक जोर आटे आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो. जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला उरतो. म्हणून आटे साफ हवेत, आणि ते कोरडे ठेवायचे की तेल लावून, हे मॅन्युअलप्रमाणेच व्हायला हवं. तेल लावलेल्या आट्यांवर त्याच आकड्याला ताण जास्त पडतो.

गाडी थोडी चालल्यावर पुन्हा कसणी करायची म्हणून त्याने ती बोलावली होती आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. मी गाडी चालवत नेली, त्याने तासाभरात परत दिली. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगवर ही दुसरी कसणी बहुधा पूर्ण थंड इंजिनावर होते, आणि बीडाचं इंजिन थंड व्हायला कित्येक तास लागतात. माझ्या इंजिनात हेडचे काही बोल्ट टॅपेट कव्हरच्या (व्हॉल्व्हची यंत्रणा झाकणाऱ्या वरच्या झाकणाच्या) खाली आहेत. त्या कव्हरच्या नटांवरचा त्याने स्वतः मारलेला रंग कुठेही तुटलेला नव्हता. कव्हर उघडलंच नव्हतं.

फोटो आणि जुनं पॅकिंग घेऊन मी त्याच्याकडे गेलो. "जुन्या गाड्या असं करतातच," म्हणाला. नंतर फोन उचलणं बंद.

दुसऱ्या मेकॅनिकने हेड मशीनवर धाडलं, आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ केले, भोकं हवेने कोरडी केली, नवं पॅकिंग कोरडंच बसवलं, कारण त्याच्या वेष्टनावर तसंच लिहिलं होतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेर, तीन टप्प्यांत. चेंबरच्या कॉर्क पॅकिंगखाली पत्र्याची कड बोल्टपाशी खोल दबली होती. ती आधी ठोकून सपाट केली, कारण दबलेल्या कडेवर कॉर्क कितीही आवळला तरी तो फाटतो, गळती थांबत नाही. दुसरी कसणी त्यांनी गाडी रात्रभर उभी ठेवून केली आणि त्यानंतर टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली फट) पुन्हा लावलं.

ज्यांची गाडी नुकतीच बांधून आली आहे त्यांनी आजच, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवावं. बोटाला तपकिरी भुकटी लागली तर पाण्याचा फोटो काढा, थोडं पाणी बाटलीत भरून ठेवा आणि गाडी त्याच गॅरेजमध्ये परत नेण्याआधी दुसऱ्या माणसाकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या.